नर्सबाई आणि भिजलेली पुस्तकं

आमच्या चर्चच्या वेदीमागे एक लहानशी खोली आहे. तिथे फादरांचे झगे टांगलेले असतात, मेणबत्त्यांचे खोके असतात, आणि भिंतीला लागून एक लोखंडी कपाट आहे. ज्या वर्षी नदी बांध फोडून वस्तीत शिरली, त्या वर्षी या कपाटाचे खालचे दोन कप्पे तीन दिवस पाण्यात होते. पाणी ओसरल्यावर फादरांनी कपाट उघडलं, तर बाप्तिस्म्याची तीन जाडजूड पुस्तकं एकमेकांना चिकटून त्यांचा एकच निळसर गोळा झाला होता. शाई सगळी विरघळून गेली होती. सत्तर वर्षांत इथे ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, त्यांची नावं, जन्मतारखा, आईवडील, बाप्तिस्म्याला मुलासाठी उभे राहणारे धर्ममाता-धर्मपिता, सगळं त्या गोळ्यात गेलं. नदीच्या धक्क्यावरचे हमाल म्हणाले, "पाण्यानं दिलं, पाण्यानंच नेलं." हसले सगळे, पण फादर काही हसले नाहीत.

फादर तेव्हा तिशीतले, येऊन दोनच महिने झालेले. त्यांच्या दारात रोज कुणीतरी उभं. कुणाला लग्नासाठी दाखला हवा, कुणाला मुलाच्या शाळेसाठी. बिशपांच्या कार्यालयात नोंदींच्या प्रती होत्या, पण फक्त शेवटच्या बारा वर्षांच्या. त्याआधीच्या कुणी पाठवल्याच नव्हत्या. तिकडून पत्र आलं की भरवशाचे साक्षीदार मिळत असतील तर नोंदी नव्याने लिहून काढाव्यात. रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर फादरांनी ते पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, "या कामाला कोण पुढे येईल?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मग मधल्या बाकावरून आवाज आला, "मी करते की. निम्मे लोक तर माझ्याच हातात पडलेत."

या आमच्या नर्सबाई.

त्यांचं नाव मला माहीत होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. बुटक्या, अंगाने भरलेल्या, पायात पांढरे बूट, छातीवर उलटं लटकणारं घड्याळ. चर्चच्या दवाखान्यात त्यांनी अडतीस वर्षं बाळंतपणं केली. दवाखाना बंद झाला तेव्हा तिथल्या वह्या रद्दीत गेल्या. नर्सबाई घरी आल्या, पण घड्याळ आणि बूट काही सुटले नाहीत. लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाकडे राहायच्या. तो सुतार, बायको गेलेली, मुलं परगावी. बहीणभाऊ दिवसभर एकमेकांवर खेकसायचे आणि एकमेकांवाचून जेवायचे नाहीत. हे काम अंगावर घेतलं तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या.

"दादा, मला पिशवीत वही राहील अशी फळी करून दे," त्यांनी भावाला सांगितलं.

"कशाला?"

"उभ्याउभ्या लिहायला. लोकांकडे टेबलं नसतात."

"तुझ्याकडे डोकं नसतं," दादा म्हणाला आणि फळी करायला बसला.

या कामात मी आले ती माझ्या अक्षरामुळे. मी शाळेत शिक्षिका होते, राहायला त्यांच्या घरापासून तिसरं दार. एका गुरुवारी दुपारी त्या आल्या आणि वही पुढे टाकून म्हणाल्या, "माझं अक्षर डॉक्टरांच्या सहवासात बिघडलं. तू शाईने उतरवून दे." मला वाटलं, महिनाभराचं काम असेल. अडीच वर्षं लागली.

नर्सबाईंच्या आठवणीची तऱ्हाच निराळी होती. नावं त्या विसरायच्या, पण जन्म विसरायच्या नाहीत. नव्या पोलीस इन्स्पेक्टरची नोंद करायला त्या चौकीवर गेल्या. हा पठ्ठ्या इथलाच, बदलीवर परत आलेला. चार शिपायांसमोर नर्सबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हं, आठवलं. तू पायाळू. आधी पाय बाहेर काढलेस आणि मग सात तास ताटकळत ठेवलंस." शिपाई खिडकीबाहेर बघत राहिले. इन्स्पेक्टर लाजून लालबुंद झाला, पण सही निमूटपणे दिली.

मात्र नुसत्या आठवणीवर त्या कधी विसंबल्या नाहीत. घरोघरी जाऊन ट्रंका उघडायला लावायच्या. बाप्तिस्म्याच्या वेळची मेणबत्ती कुणी कागदात गुंडाळून ठेवलेली असायची, त्या कागदावर तारीख सापडायची. संतांच्या लहान चित्रांच्या मागे जुन्या फादरांनी लिहिलेला आशीर्वाद असायचा. एका घरात दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, शेजारी वर्षं कोरलेली. त्यावरून तीन भावंडांचा क्रम लागला. दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या की नोंद माझ्याकडे. तारखेची खात्री नसेल तर त्या स्वच्छ लिहायच्या : अंदाजे. मी एकदा म्हटलं, "बाई, एखादी तारीख टाकून द्या, कोण बघतंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाईची दौत उगाचच बंद करून उघडली.

चुकाही झाल्या. दोन जुळ्या बहिणींची त्यांनी अदलाबदल केली. धाकटी थोरली झाली, थोरली धाकटी. दोघी साठीच्या पुढच्या, आणि त्यावरून दोघींत चांगलीच जुंपली. नर्सबाई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. "मी चुकले. तुम्ही दोघी एकसारख्या किंचाळत होता," म्हणाल्या आणि त्यांच्यासमोर नोंद खोडून नवी लिहिली.

आता आमच्या लोकांबद्दल थोडं सांगायला हवं. आमचा पॅरिश, म्हणजे या चर्चचा समाज, दोन वस्त्यांचा. नदीच्या धक्क्यावर काम करणारे आधी आले, चर्च त्यांनी उभं केलं. वीटभट्टीवर काम करणारे पुढे तीसेक वर्षांनी आले. धक्क्यावाले उजव्या बाकांवर बसायचे, भट्टीवाले डाव्या. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण मोडतही कुणी नव्हतं. चर्चला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. दारापाशी एक दगड बसवायचा, त्यावर मूळ घराण्यांची नावं कोरायची, असं एका समितीत ठरत होतं. त्या समितीचा प्रमुख होता आमचा बेकरीवाला.

बेकरीवाला एकोणपन्नास वर्षांचा, उंच, पंजे फावड्यासारखे. आवाज असा की मिस्सेत त्याने सूर लावला की पोरंटोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. गायनवृंद त्यानेच वाढवलेला. माणूस चांगला, पण एका बाबतीत ताठ. "आम्ही मूळचे," हे त्याच्या तोंडात सारखं असायचं. भट्टीच्या गल्लीतल्या बायकांना त्याने गायनवृंदात कधी घेतलं नाही. म्हणायचा, त्यांचे उच्चार जमत नाहीत. आणि दगडावर फक्त धक्क्यावाल्यांची नावं हवीत, हा हट्टही त्याचाच.

नर्सबाई त्याच्या धर्ममाता होत्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणीस वर्षांच्या, नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलीला बेकरीवाल्यांनी धर्ममाता का केलं, हा प्रश्न मात्र कुणाला पडला नव्हता.

एका गुरुवारी बेकरीवाल्याने भरून दिलेला कागद घेऊन त्या माझ्याकडे बसल्या होत्या. आईच्या नावापाशी त्यांची पेन्सिल थांबली.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे नाव त्या पुस्तकात नव्हतं," त्या म्हणाल्या. "जुन्या फादरांनी माझ्यासमोर लिहिलं होतं. दुसरं नाव होतं."

आणि मग, मी कुणाला सांगणार नाही असं वचन घेऊन, त्यांनी सांगितलं. बेकरीवाला भट्टीवरच्या एका बाईचा मुलगा. ती बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी तापाने गेली. नवऱ्याला आधीची दोन लेकरं होती. तान्ह्याला दूध कुठून आणू, म्हणत तो दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. बेकरीवाल्या जोडप्याला मूल नव्हतं. जुन्या फादरांनी मध्यस्थी केली. बाप्तिस्मा झाला तेव्हा जवळचं कुणी नव्हतं, म्हणून नर्सबाई धर्ममाता झाल्या. पुस्तकात जन्मदात्यांची नावं लिहिली गेली आणि पुस्तक कपाटात गेलं. बाप भट्टी सोडून दूर निघून गेला, पुन्हा कधी आला नाही. मुलाचं लग्नही याच चर्चमध्ये झालं, त्यामुळे दाखला त्याच्या हातात कधी पडला नाही. जुन्या फादरांनी पुस्तक पाहून घेतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. आईने, म्हणजे जिने वाढवलं तिने, नर्सबाईंकडून गप्प राहण्याचा शब्द घेतला होता.

नर्सबाई फादरांकडे गेल्या. नाव न सांगता पेच सांगितला. फादर म्हणाले, "बाई, वाढवणाऱ्या आईवडिलांची नावंही लिहिता येतात. नियमात बसतं."

"लिहा ना. पण आधीचं नाव गाळून नको. मी जे होतं ते परत लिहायला बसलेय, नवं रचायला नाही."

"मग त्या माणसाला सांगावं लागेल."

"तेच तर घोडं अडलंय. शब्द दिलाय."

बेकरीवाल्याची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. तिला सगळी वस्ती मोठीआई म्हणायची. बेकरीच्या माडीवर खुर्चीत बसून असायची, कान मंद, पण जीभ शाबूत. नर्सबाई तिच्याकडे गेल्या, दार लावलं आणि मोठ्या आवाजात बोलावं लागू नये म्हणून तिच्या अगदी कानाशी बसल्या.

"एकोणपन्नास वर्षं तोंड बंद ठेवलंस," मोठीआई म्हणाली, "आता काय खाज सुटली तुला?"

"खाज नाही. पुस्तक आहे."

"नाव नाही लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं?"

"तिचं बिघडतं," नर्सबाई म्हणाल्या. "तीन दिवस आई होती ती. तेवढं एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. कबरीवर लाकडाचा क्रूस होता, तोही कधीच गेला. तुम्ही नाही म्हणालात तर मी ती ओळ कोरी ठेवीन. पण खोटं लिहिणार नाही."

मोठीआईने तोंड फिरवलं. नर्सबाई उठून आल्या. त्यानंतर तीन आठवडे त्या माझ्याकडे येत होत्या, इतरांच्या नोंदी करत होत्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. दादासुद्धा त्यांच्यावर खेकसेनासा झाला. यावरून काय ते समजा.

मग मोठीआईचा निरोप आला : ये, शेजारी बस. मीच सांगते.

पुढचं मला काही नर्सबाईंनी सांगितलं, काही पुढे बेकरीवाल्यानेच. दुपारची वेळ होती. बेकरीतली भट्टी निवत होती, रिकामे ट्रे भिंतीशी रचलेले. मोठीआईला खुर्चीसकट खाली आणलं होतं. तिने मुलाला समोर स्टुलावर बसवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मध्ये थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं, असं ती नंतर म्हणाली.

बेकरीवाल्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "भट्टीवाल्यांचा?"

नर्सबाई म्हणतात, त्या एका शब्दाने त्यांना जेवढं लागलं तेवढं दुसऱ्या कशाने लागलं नाही. सटकन थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही.

मग तो आईला म्हणाला, "आणि हे मला आता सांगतेस? पन्नाशीला?"

"आधी सांगितलं असतं तर तू गेला असतास," मोठीआई म्हणाली.

"कुठे?"

"मला काय माहीत कुठे? तेवढ्यालाच घाबरले मी."

तो अंगातल्या एप्रनसकट उठून चालता झाला.

सात रविवार तो गायला नाही. चर्चमध्ये यायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, आशीर्वाद होण्याआधी निघून जायचा. गायनवृंद त्याच्याशिवाय कसंबसं रेटत होता. पाव वेळेवर निघत होते. आईचं जेवण तो रोज स्वतः माडीवर नेत होता, ताट ठेवत होता, पण बोलत नव्हता. लोकांनी नाना तर्क लढवले. कुणी म्हणालं घशाला काही झालंय, कुणी म्हणालं फादरांशी भांडलाय. नर्सबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मी बाळंतपणं करते, घसे बघत नाही."

आठव्या आठवड्यात तो नर्सबाईंच्या दारात आला. दार दादाने उघडलं. त्याचा चेहरा बघून दादाने रंधा उचलला आणि अंगणात जाऊन बसला.

"नर्समावशी," तो म्हणाला, "ती कशी होती?"

नर्सबाईंनी त्याला बसवलं. "मी एकोणीस वर्षांची होते रे. माझी पहिलीच बाळंतीण. मीच तिच्यापेक्षा जास्त घाबरले होते. तीच मला म्हणाली, होईल नीट. थेट भट्टीवरून आली होती, कळा सुरू झाल्यावर. तू झालास, मी तुला पुसलं, तिच्याकडे द्यायला गेले, तर म्हणाली, थांबा, आधी हात धुवायला पाणी द्या, मातीचे आहेत. नखांत माती होती, ती निघेना. मी ब्रश आणून दिला. सगळी नखं नीट घासली आणि मग तुला घेतलं."

"घेतलं होतं मला?"

"तीन दिवस खाली ठेवलं नाही. आम्ही ओरडायचो तिला."

बेकरीवाला आपल्या हातांकडे बघत बसला आणि मग एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. नर्सबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रडून झाल्यावर त्याने तिचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. त्याने ते दोनदा उच्चारून पाहिलं.

"पुस्तकात कसं लिहिणार?" त्याने विचारलं.

"तू म्हणशील तसं. पण खरं."

"दोघींची नावं लिहा."

आमच्या पुस्तकात आईच्या नावाला एकच रकाना. नर्सबाई आणि मी बराच वेळ डोकं खाजवत बसलो. शेवटी फादरांच्या संमतीने जन्मदात्यांची नावं रकान्यात गेली आणि शेऱ्याच्या जागेत मी बारीक अक्षरात लिहिलं : 'यांस अमुक अमुक दांपत्याने पोटच्या मुलाप्रमाणे वाढवले.' 'प्रमाणे' शब्द मोठीआईला पटला नाही. "प्रमाणे काय? पोटचाच," म्हणाली. तो शब्द खोडून 'पोटचा मुलगा म्हणून' असं केलं. त्या पानावर माझ्या हातची ती एकमेव खाडाखोड आहे, आणि ती तशीच राहावी असं मला वाटतं.

समितीची बैठक आली तेव्हा बेकरीवाला उभा राहिला. कुणापासून काही लपवलं नाही. चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि म्हणाला, "दगडावर नावं नकोत. कुणाचीच नकोत. नावांसाठी पुस्तक आहे." उजव्या बाकांवरचे दोघेतिघे कुरकुरले. मग नर्सबाईंनी पिशवीतून वह्या काढल्या आणि वाचायला सुरुवात केली. भट्टीवाले पहिल्यांदा इथे आले, तेव्हा त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. त्यांच्या पहिल्या पंचवीस मुलांना धर्ममाता-धर्मपिता कोण झाले? धक्क्यावरचे. कुरकुरणाऱ्यांचेच आजोबा, त्यांच्याच आज्या. एकेक नाव आलं की बाकांवर चुळबुळ व्हायची. बाराव्या-तेराव्या नावाला एक म्हातारा हमाल म्हणाला, "पुरे बाई, पुरे. कळलं." नर्सबाई म्हणाल्या, "पंचवीस आहेत," आणि पंचवीसही वाचून संपवली.

दगडावर फक्त वर्ष कोरलं. दगड बसवायला लाकडी चौकट दादाने केली.

बेकरीवाला स्वतः भट्टीच्या गल्लीत गेला आणि दारोदार फिरून बायकांना गायनवृंदात यायला सांगितलं. पहिल्या दारातल्या बाईने त्याला ऐकवलं, "आणि आमचे उच्चार?" तो म्हणाला, "मीही त्याच गल्लीतला. माझेच तपासून घ्या." ती आली. आता आठजणी आहेत. बाकांचं मात्र लगेच काही जमलं नाही. लोक सवयीने आपापल्या बाजूला बसत राहिले. हल्ली लग्नांमुळे सरमिसळ झालीय, पण एकदोन म्हातारे अजून आपला कोपरा सोडत नाहीत.

एक हजार एकशे सहा नोंदी झाल्या. शेवटच्या गुरुवारी मी पुस्तक चाळताना एकदम थबकले.

"बाई, तुमची कुठेय?"

"माझी काय?"

"नोंद. तुम्ही इथल्याच ना?"

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई!" दादाची होती, त्याच्या गेलेल्या बायकोची होती, स्वतःचीच राहिली होती. आणि साक्षीदार कोण? दादा त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठा, त्याला काय आठवणार? त्यांचा जन्म पाहिलेली वस्तीत एकच व्यक्ती जिवंत होती.

दादाला घेऊन आम्ही तिघं मोठीआईच्या माडीवर गेलो. मोठीआईने डोळे मिटून घेतले आणि सांगायला सुरुवात केली. कुठलं घर, कुठला महिना, धर्ममाता म्हणून कोण उभी होती, सगळं. "मी तेव्हा वीस वर्षांची. पुढच्याच बाकावर होते. पाणी पडल्यावर सगळी पोरं रडतात. ही रडली नाही. हिने हात वर करून फादरांचा चष्मा ओढला आणि सोडेना. मिस्सा अडून राहिली."

"हे लिहायचं नाहीये," नर्सबाई मला घाईघाईने म्हणाल्या.

"लिही तू," मोठीआई मला म्हणाली.

मोठीआईने सही केली. दुसरी सही दादाने केली आणि म्हणाला, "तेव्हापासून हिचं हे असंच आहे." बेकरीवाला चहा घेऊन वर आला होता, त्याने सगळ्यांना कप दिले. मोठीआईने त्याला जवळ बोलावून एप्रनला लागलेलं पीठ झटकलं, आणि त्याने झटकू दिलं.

बिशपांच्या कार्यालयातून शिक्का मारायला माणूस आला तेव्हा फादरांनी नर्सबाईंना बोलावणं पाठवलं. त्या गेल्या नाहीत. धक्क्यावरच्या एका सुनेला दिवस भरत आले होते आणि ती इस्पितळात जायला घाबरत होती. तिचा हात धरून नर्सबाई रिक्षातून तिच्याबरोबर गेल्या. मुलगी झाली. संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी वही उघडली आणि तिचं वजन लिहून ठेवलं.